दिल्लीभोवतीची न पाहिलेली ठिकाणं : तिकीट पंचवीस, रस्ता पंचवीसशे

महाराष्ट्रातून दिल्लीला येणाऱ्या माणसाची यादी ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुब, इंडिया गेट, अक्षरधाम, एक दिवस आग्रा. ते उरकलं की हाताशी एखाद-दोन दिवस उरतात आणि दिल्लीतल्या नातेवाइकाला फोन जातो, ‘आता कुठे जावं?’ तो बिचारा पाहुण्यांना करोलबाग नाहीतर सरोजिनीनगरच्या बाजारात सोडून येतो. उरलेला दिवस पिशव्या उचलण्यात जातो, आणि त्याला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात पानिपत पाहून होतं.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणजे नुसती नोएडा-गुरुग्रामची काचेची इमारत नव्हे. सरकारी नकाशात उत्तरेला पानिपत-कर्नाल, पूर्वेला मेरठ, दक्षिणेला अलवर-भरतपूर एवढा पसारा त्यात येतो. मराठी माणसाने शाळेत घोकलेल्या निम्म्या लढाया याच पट्ट्यात झाल्या. सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा अंतरावर ही ठिकाणं आहेत आणि तिथे गर्दी नाही.

खर्चाचं गणित मात्र इथे उलटं चालतं. आग्र्याला तिकीट महाग आणि वाहनं मुबलक. या ठिकाणांना तिकीट जवळजवळ नाहीच, पण स्टेशनपासून त्या जागेपर्यंतचे शेवटचे पाच-दहा किलोमीटर खिसा कापतात. त्याहून जास्त कापतो परतीचा रस्ता, कारण ॲपवरची गाडी तुम्हाला तिथे सोडते, पण आणायला तिथे कुणी नसतं. म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी परत कसं यायचं ते ठरवावं. खाली दिलेले गाडीभाड्याचे आकडे चौकशीतून काढलेले अंदाज आहेत. सणासुदीला आणि लग्नसराईत ते वर जातात.

आधी ठरीव दर

पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या वास्तूंचे दोन वर्ग आहेत. जागतिक वारसा यादीतल्या, म्हणजे कुतुब किंवा हुमायूनची कबर, यांना भारतीयांसाठी ४० रुपये, बाकीच्यांना २५. क्यूआर कोडवरून काढलं तर पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तुमच्यासोबत अमेरिकेहून आलेला भाचा असेल तर त्याला ओसीआय कार्ड बरोबर ठेवायला सांगा. कार्ड असलं की भारतीयांचा दर लागतो, नसलं तर त्याच २५ रुपयांच्या वास्तूला ३०० मोजावे लागतात.

मेट्रोचे दर ऑगस्ट २०२५ मध्ये वाढले. आता पहिल्या दोन किलोमीटरला ११ रुपये, पाचपर्यंत २१, बारापर्यंत ३२, एकवीसपर्यंत ४३, बत्तीसपर्यंत ५४ आणि त्यापुढे ६४. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला बहुतेक अंतरांना एक पायरी खालचा दर लागतो. स्मार्ट कार्डावर दहा टक्के सूट आहे. दिल्लीतल्या रिक्षेचं मीटर २०२३ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११ असं आहे. मीटर टाकायला लावणं ही वेगळी कला आहे. ॲपवरचा आकडा दाखवून घासाघीस केलेली बरी. ई-रिक्षात माणशी दहा-वीस रुपये, त्यात घासाघीस नाही.

टॅक्सीचे दोन हिशेब असतात. शहरात फिरायचं तर ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’, साध्या सेडानला १८०० ते २५००. शहराबाहेर जायचं तर किलोमीटरला ११ ते १४ रुपये, पण दिवसाला किमान २५० किलोमीटर धरूनच बिल लावतात. म्हणजे तुम्ही १८० किलोमीटर फिरलात तरी पैसे अडीचशेचे. वर ड्रायव्हरचा भत्ता तीनेकशे, टोल आणि पार्किंग वेगळं. ही अडीचशेची अट लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित तिच्यावर बसलेलं आहे.

शहरातल्या शहरात : उत्तरेची टेकडी

फुकटात अर्धा दिवस सगळ्यात चांगला कुठे जातो, तर नॉर्दर्न रिजवर. दिल्ली विद्यापीठाच्या मागे पसरलेली ही झाडीची टेकडी. रेड लाइनवरच्या पुल बंगश स्टेशनला उतरून ई-रिक्षाने दक्षिण टोकाला जायचं आणि चालत उत्तरेकडे येऊन यलो लाइनवरचं विश्वविद्यालय स्टेशन गाठायचं. सगळी मिळून तीन-साडेतीन किलोमीटरची चाल.

सुरुवातीला १८५७ मध्ये मेलेल्या कंपनी सरकारच्या शिपायांचं लाल दगडी स्मारक लागतं. १९७२ मध्ये त्याचं अजितगढ असं नाव ठेवून शेजारी नवी पाटी लावली, ज्यांना जुन्या पाटीत ‘शत्रू’ म्हटलंय तेच हुतात्मे आहेत असं सांगणारी. पुढे अशोकाचा स्तंभ. हा मूळचा मेरठचा, फिरोजशाह तुघलकाने उचलून आणलेला. फरुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि ते कलकत्त्याला जाऊन परत आले. जवळ जाऊन पाहिलं तर सांधे स्पष्ट दिसतात.

मग हिंदुराव रुग्णालय. दिल्लीकर रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे ‘हिंदू राव’ असं दोन शब्दांत म्हणतात आणि हे कोण गृहस्थ हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं. ते होते हिंदुराव घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. कंपनीचा दिल्लीतला अधिकारी विल्यम फ्रेझर याने बांधलेला हा बंगला, १८३५ मध्ये त्याचा खून झाल्यावर हिंदुरावांनी विकत घेतला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचा सगळ्यात पुढचा मोर्चा याच घरात होता आणि त्याच्या भिंती तोफगोळ्यांनी चाळणी झाल्या होत्या. आज तिथे महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे. त्याच आवारात फिरोजशाहच्या शिकारगाहाचा अवशेष, पीर गायब, उभा आहे आणि बाजूला एक खोल दगडी बावडी कुंपणात आहे. ओपीडीच्या रांगेतून वाट काढत चौदाव्या शतकाकडे जावं लागतं. तिकीट नाही, पण हे रुग्णालय आहे याचं भान ठेवून कॅमेरा बेताने काढावा. माकडं भरपूर आहेत. हातात केळं दिसलं की तुमचं काही खरं नाही.

चौबुर्जा मशीद आणि फ्लॅगस्टाफ टॉवर करून बाहेर पडलात की कमलानगरचे छोले-भटुरे जवळच. चार माणसांची मेट्रो, ई-रिक्षा आणि पोटभर खाणं मिळून सकाळ सात-आठशे रुपयांत आटोपते, आणि त्यात निम्म्याहून जास्त भटुऱ्यांचे.

दक्षिण दिल्लीतला तुघलकाबादचा किल्ला २५ रुपयांत आहे आणि पैसे वसूल करतो, पण एक सापळा आहे. व्हायोलेट लाइनवर तुघलकाबाद नावाचं मेट्रो स्टेशन आहे, ते किल्ल्यापासून चारेक किलोमीटर लांब, मथुरा रोडवर. गोविंदपुरीला उतरून रिक्षा केली तरी पैसे साधारण तेवढेच आणि रिक्षा सहज मिळते. रस्त्यापलीकडे गियासुद्दीन तुघलकाची कबर आहे, तीही पाहून घ्या. हाच दिवस लांबवायचा तर कालकाजी मंदिर त्याच लाइनवर, मेट्रोच्या दारातच. सध्याच्या मंदिराचा जुना भाग अठराव्या शतकात मराठ्यांच्या काळातला मानतात, आणि १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर आला तो या कालिकेच्या जत्रेच्याच दिवसांत. नवरात्रात मात्र तिकडे फिरकू नका.

मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान कुतुबच्या भिंतीला लागून आहे, फुकट आहे, आणि कुतुबला आलेल्या शंभर माणसांतली पाचसुद्धा तिकडे वळत नाहीत. त्यातली राजों की बावडी आणि जमाली-कमाली एवढं पाहिलं तरी पुरे.

दोन ठिकाणी नुसत्या नावासाठी जाऊ नका. एक बुराडी. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले तो बुराडीचा घाट, पण आज तिथे दाट वस्ती आणि यमुनेचा खादर, म्हणजे पुराचा पट्टा, आहे. डोळे मिटून उभं राहायचं असेल तर रिक्षाचे पैसे घालवा. दुसरं पटपडगंज. ११ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत आहे. गोल्फ कोर्स नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, त्यामुळे जाणं स्वस्त. पण आवार क्लबचं आहे, गेटवर परवानगी मागावी लागते. त्यामुळे केवळ त्यासाठी नोएडा गाठू नये.

पानिपत

दिल्लीहून ९० किलोमीटर. मराठी पाहुण्याने एकच सहल करायची तर ही, असं बहुतेक सगळे सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे, ते पुढे.

सगळ्यात स्वस्त रस्ता रेल्वेचा. साध्या लोकलचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत येतं. सकाळी पानिपतकडे जाणाऱ्या गाड्यांना जागा मिळते, कारण नोकरदारांचा लोंढा उलट, दिल्लीकडे येत असतो. संध्याकाळी परतताना तोच लोंढा तुमच्याविरुद्ध दिशेला जातो. काश्मिरी गेटच्या बसअड्ड्यावरून हरियाणा रोडवेजची बस शंभर ते दीडशे रुपयांत सोडते आणि ती सारखी सुटत असते.

पानिपतला उतरल्यावर रिक्षावाल्याला ‘लड़ाई वाली जगह’ असं सांगू नका. ‘कौन सी? तीन हुई हैं,’ असं तो विचारतो, आणि त्याचं चुकत नाही. ‘काला अंब’ म्हणा. शहराबाहेर आठेक किलोमीटरवर बागेत विटांचा एक स्तंभ, भोवती लोखंडी कुंपण. १४ जानेवारी १७६१ च्या रक्ताने इथल्या आंब्याची पानं काळी पडली अशी कथा आहे. झाड आता नाही. एवढंच आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पोरं विचारतात, ‘एवढ्यासाठी आलो?’ त्यांना घेऊन काबुली बागेकडे जा. बाबराने पहिल्या लढाईच्या विजयानंतर बांधलेली मशीद तिथे आहे. तहसील कचेरीजवळ इब्राहिम लोदीची कबर आहे, एका उंच विटांच्या चौथऱ्यावर, बाजूला शाळेतून सुटलेल्या मुलांचा खेळ. बू अली शाह कलंदरचा दर्गा भर बाजारात. ही सगळी फेरी थांबून-थांबून करायला रिक्षा ६०० ते ८०० घेते. स्टेशनच्या दारात आधीच ठरवा आणि ‘काला अंबवर थांबणार’ हे त्यात बोलून घ्या, कारण तिथून परत यायला दुसरी रिक्षा मिळत नाही.

चौघांचा हिशेब मांडू. रेल्वे जाऊन-येऊन जास्तीत जास्त ४००, दिल्लीतली मेट्रो अडीचशे, पानिपतातली रिक्षा ८००. साडेचौदाशेच्या आत झालं. टॅक्सीने गेलात तर अंतर १८०-२०० असलं तरी बिल अडीचशे किलोमीटरचं, बाराच्या दराने ३०००, भत्ता ३००, टोल दोन्ही वेळचा मिळून तीन-चारशे. म्हणजे ३७००. वरच्या सव्वादोन हजारांत तुम्हाला मिळतो वाटेतल्या मुरथलचा पराठा, आणि आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर स्टेशनातल्या जिन्यांपासून सुटका. ज्याने त्याने ठरवावं. येताना पानिपतचं पचरंगा लोणचं घ्या, बरणी नीट गुंडाळून मागा.

दरवर्षी १४ जानेवारीला काला अंबवर मोठा मेळावा असतो आणि महाराष्ट्रातून माणसं येतात. जायचं तर जा, पण त्या सुमारास धुक्याने गाड्या तास-तास उशिरा धावतात, तेव्हा परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नका.

डीग आणि कुम्हेर

आता माझं मत. मराठी माणसाने दिल्लीहून एकच लांब सहल करायची तर ती डीगची करावी. पानिपतला लढाई झाली एवढंच कळतं. डीगला त्या लढाईच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही दिसतं.

डीग हे भरतपूरच्या जाट राजांचं ठाणं, आता राजस्थानातला स्वतंत्र जिल्हा. सूरजमलने इथे दोन तलावांच्या मध्ये महाल बांधले. पानिपतानंतर उपाशी, जखमी, थंडीने गारठलेले जे मराठे दक्षिणेकडे पळत आले त्यांना याच सूरजमलने अन्न, कपडे आणि आसरा दिला, भाऊसाहेबांच्या पार्वतीबाईंसह. आणि हाच तो सूरजमल, ज्याच्या कुम्हेरच्या गढीला सात वर्षं आधी, १७५४ मध्ये, रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर वेढा घालून बसले होते. त्या वेढ्यात मार्चमध्ये तोफेच्या गोळ्याने मल्हाररावांचा मुलगा खंडेराव पडला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि सासऱ्याने त्यांना अडवलं ती ही गोष्ट. डीग-कुम्हेरच्या पट्ट्यात गागरसोली गावात खंडेरावांची छत्री आहे. इंदूरचा, महेश्वरचा सगळा पुढचा इतिहास त्या शेतातल्या छत्रीपासून सुरू होतो, आणि तिथे पोचणाऱ्या पाहुण्यांत मराठी फारच कमी. अर्ध्या शतकानंतर, १३ नोव्हेंबर १८०४ ला, यशवंतराव होळकरांची फौज इंग्रजांशी लढली तीही याच डीगच्या तटाखाली.

महालांना तिकीट २५ रुपये. गोपाल भवनातल्या दिवाणखान्यांपेक्षा मला तिथली पाण्याची यंत्रणा पाहण्यासारखी वाटते. गच्चीवर मोठा हौद आहे, त्याच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाचा नळ खाली बागेतल्या एकेका कारंज्याकडे जातो. सणाच्या दिवशी त्या भोकांत रंगाच्या पुरचुंड्या बांधून ठेवायच्या आणि वरून पाणी सोडायचं, की खाली प्रत्येक कारंजं वेगळ्या रंगाचं. केशव भवनाच्या छतात दगडी गोळे ठेवले होते; पाण्याच्या जोराने ते गडगडत आणि उन्हाळ्यात मेघगर्जनेचा आभास होई. कारंजी वर्षातून मोजक्याच दिवशी सुरू करतात, त्यामुळे ती दिसतील या आशेवर जाऊ नका. हौद आणि भोकं रोज दिसतात.

दिल्लीहून डीग दीडशे किलोमीटर. कुम्हेर आणि गागरसोली धरून येऊन-जाऊन साडेतीनशेच्या घरात, बाराच्या दराने ४२००. भत्ता ३००. यमुना एक्स्प्रेसवेने गेलात तर टोल पाच-सातशे. उत्तर प्रदेश आणि राजस्थानचा कर गाडीच्या परवान्यानुसार लागतो किंवा लागत नाही. एकूण साडेपाच हजार धरून चाला. चौघांत माणशी चौदाशे होतात. रेल्वेने मथुरेपर्यंत सेकंड क्लासचं तिकीट शंभरीच्या आत आहे. मथुरेहून दिवसभराची गाडी दोन ते अडीच हजारांत ठरते. म्हणजे चौघांचे तीन-साडेतीन हजार, पण दिवस पहाटे सुरू होऊन रात्री उशिरा संपतो. मथुरेहून गोवर्धनमार्गे बस आणि जीपने गेलात तर आणखी स्वस्त. मात्र गागरसोलीपर्यंत पोचण्याची आशा सोडा.

याहून चांगली युक्ती आग्र्याला जोडून. तुमचा आग्र्यात मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी आग्रा-मथुरा असा सरळ परतू नका. आग्र्याहून भरतपूर, कुम्हेर, डीग, गोवर्धन, मथुरा अशी वाट धरा. किलोमीटर सत्तरेक वाढतात, म्हणजे आठ-नऊशे रुपये. जी सहल वेगळी केली तर साडेपाच हजारांची, ती हजाराच्या आसपास बसते. ड्रायव्हर आधी कुरकुरतो, त्याला दोनशे वर द्यायचे कबूल करा.

सरधना

मेरठच्या पुढे वीसेक किलोमीटरवर, उसाच्या शेतांत, एक अवाढव्य इटालियन धाटणीचं चर्च आहे, आणि ते बांधलं दिल्लीच्या एका बेगमेने. बेगम समरू : नाच करणारी मुलगी, एका युरोपी भाडोत्री सेनापतीची जोडीदारीण, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पलटणींची मालकीण. ती मराठ्यांच्या बाजूने होती. महादजींशी तिचे चांगले संबंध होते आणि १८०३ मध्ये असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांकडे होत्या. पुढे वारं बदललं तशी तीही बदलली. १८२२ मध्ये पुरं झालेलं हे चर्च इटालियन अधिकारी रेघेलिनी याच्या आराखड्याचं, आणि आतलं बेगमेचं स्मारक रोमच्या आदामो तादोलिनीने घडवलेलं. वर बेगम बसली आहे, हातात सरधन्याच्या जहागिरीच्या फर्मानाची गुंडाळी. खाली पूर्णाकृती पुतळ्यांत पगडीवाले आणि टोपीवाले दोन्ही. दिल्लीतलं तिचं घर म्हणजे चांदणी चौकातलं आजचं भागीरथ पॅलेस, जिथे आपण दिव्यांच्या माळा घ्यायला जातो.

प्रवेश फुकट. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुपार धरा. नोव्हेंबरच्या यात्रेला गाड्या लावायला जागा नसते.

इथे जाण्यासाठी नमो भारत गाडीची फार जाहिरात होते. न्यू अशोकनगरहून मेरठ साऊथपर्यंत तिचं साधं तिकीट १५० रुपये आहे आणि गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते. पण तिथून सरधना तीसेक किलोमीटर. थांबून परत आणणारी टॅक्सी १२०० ते १५०० घेते. दोघं असाल तर सगळं मिळून दोन हजारांत भागतं, ते उत्तम. चौघं असाल तर २७०० होतात आणि दिल्लीहून थेट टॅक्सी ३७०० मध्ये दारात येते. हजार रुपयांसाठी चार जणांनी तीन वाहनं बदलावीत का, हे तुमच्या गुडघ्यांना विचारा.

पश्चिमेला : पक्षी आणि इंजिनं

सुलतानपूरचं पक्षी उद्यान गुरुग्रामच्या पुढे पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सातला पोचलात तर चित्रबलाक, सारस, पट्टकादंब हंस सगळे दिसतात. अकराला पोचलात तर शाळेच्या सहली दिसतात. तिकीट नाममात्र आहे, मंगळवारी बंद, पावसाळ्यात विणीच्या काळात बंद. यलो लाइनच्या शेवटच्या स्टेशनवरून ॲपची गाडी पाचेकशे रुपयांत नेऊन सोडते, आणि परतीला गाडी ‘शोधत आहे’ एवढंच दाखवत राहते. म्हणून स्टेशनवरूनच येण्या-जाण्याची, थांबण्यासह, १२०० ते १५०० ला ठरवा आणि त्यातच पुढच्या फर्रुखनगरचीही भर घाला.

फर्रुखनगर हे मिठाचं गाव होतं. इथल्या खाऱ्या विहिरींचं मीठ वाहून नेण्यासाठी १८७३ मध्ये, देशातली पहिली मीटरगेज दिल्ली-रेवाडी धावली तेव्हाच, गढी हरसरूहून इथपर्यंत फाटा टाकला. मीठ गेलं, नवाब गेले. शीशमहल, जुनी वेस आणि तटाला चिकटलेली अष्टकोनी बावडी राहिली. तासाभरात सगळं फिरून होतं.

लहान मुलं सोबत असतील तर रेवाडीचं वाफेच्या इंजिनांचं शेड. १८९३ चं हे शेड वाफेची इंजिनं सांभाळत आजही उभं आहे, आणि १८५५ च्या फेअरी क्वीन इंजिनाचं घरही हेच. रेल्वेने ८० किलोमीटर, साध्या गाडीचं तिकीट पन्नासच्या आत. स्टेशनातून शेड चालत किंवा ई-रिक्षाने. सोमवार टाळा. इंजिन पेटवलेलं असेलच असं नाही, पण मुलांना फूटप्लेटवर चढायला मिळालं की ती तक्रार करत नाहीत. दमदमा तलाव आणि सोहन्याचे गरम झरे यांची नावं नेटवर फार दिसतील. महाबळेश्वर आणि वज्रेश्वरी पाहिलेल्या माणसाने तिकडे पेट्रोल जाळू नये.

गाडी ठरवताना

टॅक्सीवाल्याला निघण्याआधी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं मोबाइलवर लिहून मागा. किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की ‘गॅरेज टू गॅरेज’? दुसऱ्या प्रकारात तुम्ही बसण्याआधीच मीटरवर तीस-चाळीस किलोमीटर पडलेले असतात. दुसऱ्या राज्याचा कर कुणी भरायचा? रात्रीचा भत्ता किती वाजल्यापासून? दहा म्हणणारे असतात, अकरा म्हणणारेही. डीगच्या सहलीत या एका तासाचे दोन-तीनशे रुपये होतात. आणि गाडी सीएनजी असेल तर रस्त्यात गॅसच्या रांगेत जाणारा वेळ कुणाचा?

स्वतःची गाडी घेऊन आलेल्यांना ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो, दोनशे फेऱ्यांचा (२०२५ मध्ये ३००० रुपयांत), फक्त खासगी गाड्यांना. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. यमुना एक्स्प्रेसवे राज्याचा असल्याने तिथे नाही. मात्र थंडीत हवा बिघडली की दिल्ली आणि आसपासच्या जिल्ह्यांत जुन्या गाड्यांवर बंदी येते, ‘ग्रॅप’ या प्रदूषण-नियंत्रण योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला बीएस-तीन पेट्रोल आणि बीएस-चार डिझेल गाड्या बाहेर काढता येत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारीत निघायच्या आदल्या रात्री बातम्या पाहून घ्या. दंड हजारांत असतो आणि एमएच नंबर पाहिला की हवालदार थांबवतोच.

सहा जण असाल तर सेडानचा विचारच सोडा. एर्टिगासारखी गाडी किलोमीटरला १४ ते १६ घेते. डीगच्या साडेतीनशे किलोमीटरला पंधराच्या दराने ५२५०, भत्ता-टोल धरून साडेसहा हजार; माणशी अकराशेच्या आत. त्यात सरधना किंवा पानिपतसाठी दुसऱ्या दिवशीही तीच गाडी सांगितलीत तर हजार-पाचशे सहज उतरतात, फक्त दर ठरवताना दोन्ही दिवसांचं एकदम बोला, पहिला दिवस संपल्यावर नव्हे.